दत्ताजीरावांचं इंग्रजी

हंसाबेन समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन अकरा वर्षं झाली होती, पण निरुपमाच्या दारात त्या अशा अवघडून कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. एरवी वाटी परत करायला आल्या तरी थेट स्वयंपाकघरात शिरणारी बाई. त्या दिवशी मात्र बेल वाजवून उंबऱ्याबाहेरच थांबल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"निरुपमाबेन, एक काम होतं. हसणार नाही ने?"

"आधी आत तर या. उभ्या उभ्या कसलं काम?"

काम असं होतं की, हंसाबेनच्या मुलाकडे, ब्रॅम्प्टनला, नोव्हेंबरात बाळ येणार होतं. व्हिसा आला होता, ऑक्टोबरचं तिकीटही निघालं होतं. जायचं मात्र एकटीनं. विमानात कोणी ना कोणी गुजराती भेटेलच, त्याची चिंता नव्हती. चिंता होती ती तिथे उतरल्यावर काउंटरवर बसलेल्या साहेबाची. तो इंग्रजीत विचारणार आणि हंसाबेनना उत्तर द्यावं लागणार.

"मुलानं मोबाइलमध्ये टाकून दिलंय शिकायचं. पण ती बाई बहु फास्ट बोलते. आणि रोज सफरचंदच दाखवते. सफरचंद तर मला येतं!"

निरुपमा हसली, मग हंसाबेनही हसल्या. वीज कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात चौतीस वर्षं इंग्रजी पत्रं लिहून निरुपमा निवृत्त झाली होती. बडोद्याच्या गोत्रीतल्या त्या सोसायटीत कुणाला अर्ज लिहायचा असला की तिचंच दार वाजे. पण शिकवायचं कसं, याचा तिनं कधी विचार केला नव्हता. टीपॉयवर सकाळचा इंग्रजी पेपर पडला होता. तिनं तो उचलला, शहराच्या पानावर एका नव्या उद्यानाला मंजुरी मिळाल्याची बातमी होती, त्या मथळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "यातला कुठला शब्द ओळखीचा वाटतो? अर्थ राहू दे. नुसता ओळखीचा."

बोलून झाल्यावर ती स्वतःच दचकली. हे वाक्य तिचं नव्हतं. आबांचं होतं, आणि चव्वेचाळीस वर्षांत ते तिच्या कानावर पडलं नव्हतं.

---

आबा, म्हणजे तिचे वडील दत्ताजीराव, जिल्हा कचेरीच्या दप्तरखान्यात होते. आजोबा गायकवाडी राज्यात हुद्द्यावर होते. त्यांच्यामागे राज्य गेलं, हुद्दा गेला, आणि आबांच्या वाट्याला लाल फडक्यात बांधलेली गाठोडी आली. पाणीगेटच्या आत, एका गल्लीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते राहत. बडोद्यात मराठी शाळा होती, निरुपमा तिथेच शिकायची. इंग्रजी सुरू व्हायचं ते आठवीत. तोवर एबीसीडीच्या पुढे काही नाही.

ती आठवीत गेली त्या जूनमध्ये आबा एके दिवशी कचेरीतून येताना इंग्रजी पेपर घेऊन आले. कालचा, साहेबांचा वाचून झालेला. हातपाय धुऊन त्यांनी तो खिडकीखालच्या सतरंजीवर पसरला आणि हाक मारली, "निरू, ये इकडे. यातला कुठला शब्द ओळखीचा वाटतो?"

तेव्हापासून तो नेमच झाला. रोज एक मथळा. बातमी वाचायची नाही, ती बारीक अक्षरात असे आणि आबा म्हणत, "तिथे आपलं काम नाही अजून." नुसता मथळा. त्यातले दोन अवघड शब्द निरुपमानं पाटीवर लिहायचे आणि अर्थाचा अंदाज करायचा. अंदाज बरोबर की चूक, हे आबा त्या दिवशी कधीच सांगत नसत.

"अर्थ उद्या," ते म्हणत. "शब्द रात्रभर भिजू दे. मटकीसारखा. उद्या मोड आलेला दिसेल."

ती चिडायची, त्यांच्या खिशात हात घालायची, आईकडे तक्रार करायची. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "तुझ्या बापाला विचार, मला का विचारतेस?" पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबा जिना चढताना ती वरूनच ओरडायची, "प्रोब म्हणजे काय? प्रोब?" आणि आबा धापा टाकत, एकेक पायरी चढत सांगायचे, "चौकशी! सरकारी चौकशी!"

असे किती शब्द. नॉड म्हणजे मंजुरी. साहेबानं मान डोलावली की काम झालं, म्हणून. बिड म्हणजे प्रयत्न. स्टर म्हणजे आंदोलन. टोल म्हणजे मेलेल्या माणसांचा आकडा. तो शब्द सांगताना आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती. रो म्हणजे भांडण. शाळेतल्या बाई जेव्हा 'धिस इज अ कॅट' शिकवत होत्या, तेव्हा निरुपमाला मंत्रिमंडळ कोसळल्याचं इंग्रजी येत होतं. वर्गात ती त्याचा तोरा मिरवायची. मराठी शाळेतली पोर इंग्रजी पेपरातले शब्द फेकते म्हणून गल्लीतल्या बायका तिच्याकडे कौतुकानं बघायच्या, आणि आबा मिशीतल्या मिशीत हसायचे.

सात वर्षं हे चाललं.

---

निरुपमा विसाव्या वर्षात होती तेव्हा एका औषधाच्या कारखान्यातून तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. टायपिस्ट हवी होती. घरात त्यावरून बरीच कुरबुर झाली होती. आईनं एक स्थळ पाहून ठेवलं होतं आणि आबा म्हणत होते, आधी नोकरी. शेवटी आबांचं ऐकलं गेलं. मुलाखतीच्या सकाळी त्यांनी तिला बसमध्ये बसवून दिलं आणि बस हलेपर्यंत खाली उभे राहिले.

टेबलापलीकडे तिघे बसले होते. टायपिंग झालं, चुका फार नव्हत्या. मग त्यातल्या मधल्या साहेबांनी इंग्रजीत विचारलं, तुम्हाला ही नोकरी का हवी आहे?

निरुपमानं श्वास घेतला आणि सांगितलं, "सर, देअर वॉज रो इन हाउस. फादर गेव्ह नॉड. नाउ आय ॲम मेकिंग बिड."

आधी डावीकडचा फुटला. उजवीकडच्यानं रुमाल तोंडाला लावला. मधले साहेब हसू आवरत गुजरातीत शेजाऱ्याला म्हणाले, "आ तो छापुं बोले छे!" ही तर वर्तमानपत्र बोलते! आणि मग तिच्याकडे वळून, फार प्रेमानं, म्हणजे जास्तच झोंबेल अशा आवाजात, त्यांनी सांगितलं की रो म्हणजे रांग. भांडण म्हणायचं असेल तर उच्चार राव. आणि तसं कुणी बोलतही नाही.

ती घरी आली तेव्हा आबा रजा काढून बसले होते. समोर मथळा काढून ठेवलेला होता.

"काय झालं गं?"

"तुम्हाला इंग्रजी येत नाही तर मला शिकवलं कशाला?" ती म्हणाली. आई आतून बाहेर आली. निरुपमा थांबली नाही. "सात वर्षं! हसले माझ्यावर. तिघे तिघे हसले. गल्लीत मिरवायला बरं आहे तुमचं इंग्रजी. बाहेर त्याला कुणी विचारत नाही."

आबांनी पेपराची घडी घातली, मग त्या घडीची घडी घातली. "बरं," एवढंच म्हणाले.

त्या दिवसानंतर घरात कालचा पेपर आला नाही.

दोनेक आठवड्यांनी जेवताना त्यांनी, जणू कुणाकडून तरी उडत उडत ऐकल्यासारखं सांगितलं, की मांडवीजवळच्या वाचनालयात संध्याकाळी मुलींसाठी इंग्रजी बोलायचा वर्ग असतो. निरुपमा गेली. वर्ग कसला, चारच मुली होत्या आणि शिकवणारी नीराताई तिच्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठी, वाचनालयात सहायक. पण नीराताई बोलायला लावायची. दुकानात जायचं, रस्ता विचारायचा, रजा मागायची, भांडायचं. दीड वर्षात निरुपमाची जीभ सुटली आणि वीज कंपनीत नोकरी लागली. आबा तिच्या लग्नानंतर काही वर्षांनी, एक्क्याण्णव साली गेले. त्या दुपारी बोललेलं तिनं कधी परत घेतलं नाही. घ्यायचं राहून गेलं. ते दोघंही त्याबद्दल बोलले नाहीत, आणि न बोलता बरं चाललं होतं.

---

हंसाबेन रोज चारला येऊ लागल्या. चष्मा आणि वही घेऊन. मथळ्यातला ओळखीचा शब्द शोधायचा खेळ त्यांना भलताच आवडला. 'पोलीस' आणि 'स्कूल' सापडले की त्या लहान मुलीसारख्या टाळी द्यायच्या. निरुपमाही रमली. दुपारची झोप सोडून ती मथळे कापून ठेवू लागली. हेरंब, तिचा नवरा, कापलेल्या पेपरातून बातम्या वाचताना भोकातून तिच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "आज निफ्टी कुठे गेला ते तुझ्या हंसाबेनला विचारावं लागेल."

पाचव्या की सहाव्या आठवड्यात हंसाबेन खुशीत आल्या. दारातूनच म्हणाल्या, "आजे मी पूरं वाक्य करून आणलंय. साहेब विचारेल ना, का आलात? तर मी बोलीश: माय सन गिव्ह नॉड, आय कम!"

निरुपमाच्या हातातली कात्री तशीच राहिली.

तिला टेबल दिसलं. तीन माणसं दिसली, त्यातल्या एकाचा रुमाल दिसला. आणि यावेळी खुर्चीत हंसाबेन होत्या, साठीच्या, कार्डिगन घातलेल्या, रात्रभराच्या प्रवासानं थकलेल्या.

"आज नको," ती म्हणाली. "आज माझं डोकं दुखतंय."

दुसऱ्या दिवशीही तिनं काहीतरी कारण काढलं. तिसऱ्या दिवशी हंसाबेन आल्याच नाहीत. जिन्यात भेटल्या तेव्हा जरा दुसरीकडे बघत म्हणाल्या, "मला नाही जमत तर सांगून द्या ने. मी वाईट नाही मानत." त्यांनी वाईट मानलं होतं, ते स्पष्ट दिसत होतं.

त्या संध्याकाळी निरुपमानं रिक्षा केली आणि निजामपुऱ्याला गेली. नीराताई तिथे बहिणीच्या घराजवळ एकट्या राहत. वय सत्तर, गुडघे गेलेले, डोळे तल्लख. वर्षातून दोनदा, दसऱ्याला आणि संक्रांतीला, निरुपमा जायची. मधेच आलेली पाहून त्यांनी विचारलं, "कुणी गेलं का?"

"नाही हो. मला एक सांगा. आम्हा मुलींना तुम्ही बोलायला कसं शिकवलंत? मी शिकवायला गेले आणि आबांचीच चूक केली. शेजारीण आहे माझी, पेपरासारखी बोलायला लागलीय. रोला रो म्हणायला शिकवायचं तेवढं राहिलंय."

ती हसली. नीराताई हसल्या नाहीत. त्यांनी हातातला चहाचा कप बशीत ठेवला.

"निरू, रो मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"दत्ताजीरावांना. मी सांगितलं होतं. एकोणीस-वीस वर्षांची होते, नुकती लागले होते वाचनालयात. मला तरी कुठे येत होतं? शब्दकोशात अर्थ सापडायचा, उच्चार मी आपल्या मनानं सांगायचे."

निरुपमाला काही कळेना. मग नीराताईंनी सांगितलं, थांबत थांबत, जसं आठवेल तसं.

दुपारच्या सुट्टीत आबा कचेरीतून चालत वाचनालयात यायचे. रोज. खिशात कागदाचा एक चिठोरा, त्यावर आदल्या संध्याकाळचे दोन शब्द, एकेक अक्षर बघून उतरवलेले. टेबलापाशी टोपी काढून उभे राहायचे, मुलीच्या वयाच्या त्या पोरीला 'ताई' म्हणायचे आणि विचारायचे, "याचा अर्थ काय होतो? आणि म्हणायचं कसं?" मग तिथेच उभ्या उभ्या पाच-सात वेळा ओठातल्या ओठात म्हणून बघायचे. त्यांचं स्वतःचं शिक्षण मराठी सातवीपर्यंतचं. इंग्रजी अक्षरं तेवढी दप्तरखान्यातल्या फायलींवरून ओळखायला शिकले होते.

"म्हणून अर्थ उद्या," निरुपमा म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"पहिल्याच दिवशी मला म्हणाले, ताई, मुलीला सांगू नका. बापाला येतं असं वाटलं तर ती शिकेल. मी शब्द दिला."

"आणि मुलाखतीनंतर?"

"आले. चिठोरा नव्हता. म्हणाले, माझ्याकडून ती आता शिकायची नाही, तुम्ही शिकवा. वर्ग वगैरे काही नव्हता गं. त्यांनी विनवलं म्हणून मी वरच्यांना विचारून सुरू केला. बाकीच्या तीन मुली मी गोळा केल्या, तुला संशय येऊ नये म्हणून." नीराताईंनी कपबशी बाजूला सरकवली. "रोबद्दल मला काही बोलले नाहीत. चूक माझी होती, त्यांना कळलं असणारच. मला कळलं ते तूच वर्गात सांगितलंस तेव्हा. आठवतं? नक्कल करून दाखवली होतीस त्यांची. सगळ्या हसल्या. मी पण हसले. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले. घाबरले. मग जितकी वर्षं गेली तितकं अवघड होत गेलं."

निरुपमाला ती नक्कल आठवत होती. चांगलीच आठवत होती. टोपी सारखी करत, घसा खाकरत, "अर्थ उद्या" म्हणणारे आबा. तिनं विचारलं, "ते न्यायला यायचे मला. बाहेर पायरीवर बसायचे. त्यांना ऐकू गेलं असेल?"

"मला नाही माहीत, निरू. खरंच नाही माहीत."

खालून भाजीवाल्याची हाक आली, गेली. निरुपमाला राग आला होता, आणि तो नीराताईंवर काढावा असं क्षणभर वाटलंही. पण समोर बसलेली बाई चव्वेचाळीस वर्षांचं ओझं उतरवून इतकी लहान दिसत होती की राग कुठे ठेवायचा तेच तिला सुचेना. मग ती रडली. नीराताईंनी उठायचा प्रयत्न केला, गुडघ्यांनी साथ दिली नाही, तेव्हा त्यांनी बसल्या बसल्याच हात पुढे केला.

"आणखी एक सांगते," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. "तुझं नेमणुकीचं पत्र आलं ना, ते घेऊन आले होते. मला वाटलं, वाचून दाखवायला आणलंय. मी हात पुढे केला तर म्हणाले, थांबा, मी वाचतो. आणि उभे राहून पहिल्या ओळीपासून वाचलं. हजर व्हायची तारीख, डॉक्टरी दाखला, खालच्या अटी, सगळं. खणखणीत आवाजात. वाचनालयात मोठ्यानं वाचायला बंदी, माना वर करून लोक बघायला लागले. मी थांबवलं नाही त्यांना."

"उच्चार बरोबर होते?" निरुपमानं डोळे पुसत विचारलं.

"दोन चुकले. मी सांगितले नाहीत."

---

परतताना अंधारून आलं होतं. रिक्षात निरुपमानं आबा तो रस्ता दुपारच्या उन्हात कसे चालत असतील याचा विचार केला. कचेरी ते वाचनालय, वाचनालय ते कचेरी, सात वर्षं. तिनं त्यांना चालताना कधी पाहिलंच नव्हतं. पाहिलं होतं ते जिना चढताना. धापा लागायची त्यांना. तेव्हा तिला वाटायचं, वय झालं.

घरी न जाता तिनं समोरचीच बेल वाजवली.

"हंसाबेन, चूक माझी होती, तुमची नाही," ती म्हणाली, आणि मग मुलाखतीची सगळी गोष्ट त्यांना सांगितली. रो, नॉड, बिड, रुमाल, सगळं. हंसाबेन गालावर हात ठेवून ऐकत राहिल्या. कुठेच हसल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "तुमच्या बापूजीनं तर जबरुं काम केलं. तुम्ही नोकरीला लागलात ने?"

"लागले."

"तो बस. मग त्यांचंच इंग्रजी चाललं म्हणायचं."

निरुपमाला हे असं कधी सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून अभ्यास पुन्हा सुरू झाला, पण दर मंगळवारी त्या दोघी रिक्षा करून निजामपुऱ्याला जाऊ लागल्या. नीराताईंनी पहिल्याच मंगळवारी कात्रणं चाळून शब्दांचे दोन ढीग केले. काही शब्द पेपरातच राहू द्यायचे, ते कुणी घरात बोलत नाही. उरलेल्यांपैकी प्रत्येकाचं आपल्या घरातलं वाक्य करायचं. 'डिले' आला की पावसाचा उशीर नाही, कामवालीचा उशीर. हंसाबेन त्यात तरबेज निघाल्या. नीराताई साहेब व्हायच्या, चष्मा नाकावर ओढून कडक आवाजात प्रश्न विचारायच्या, आणि हंसाबेन पर्स मांडीवर घट्ट धरून उत्तरं द्यायच्या. चुकलं की तिघी हसायच्या. त्या हसण्यात, मुलाखतीतल्यासारखं, चौथं कुणी बाहेर राहत नव्हतं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हंसाबेन गेल्या. दोन दिवसांनी सकाळी व्हिडिओ कॉल आला. मागे पांढरी भिंत, गळ्यात मफलर, चेहरा फुललेला.

"निरुपमाबेन! त्यानं विचारलं, का आलात. मी बोलले, माय सन्स बेबी इज कमिंग. मग विचारलं, किती दिवस. ते पण बोलले. मग बोलतो, एनिथिंग टू डिक्लेअर? मी तर खुश! रिझल्ट डिक्लेअर, हॉलिडे डिक्लेअर, आपण केलं होतं ने? मी बोलले, येस सर, आय डिक्लेअर. थेपला, छुंदो."

"मग?"

"विचारलं, छुंदो एटले शुं, म्हणजे काय. मी बोलले, मँगो, स्वीट, होममेड. तो हसला."

निरुपमानं घाईनं विचारलं, "हसला?"

"हां. बोलला, माझी आई पण असंच पिकल पाठवते. सरदार होता ने! मग हिंदीतच बोलला, जाओ आंटीजी." हंसाबेननी कपाळावर हात मारून घेतला. "एवढं इंग्रजी शिकले आणि समोर आला तो सरदार!"

निरुपमा इतकी हसली की हेरंब आतून बघायला आला. कॉल संपल्यावर तिनं नीराताईंना फोन करून सगळं सांगितलं, आणि त्यांनाही हसू आवरेना. हसता हसता नीराताईंनी विचारलं, "मग आता मंगळवारचं काय? येणार नाहीस?"

"येते ना," निरुपमा म्हणाली. "मला आबांचं ऐकायचंय अजून. कुठले कुठले शब्द विचारायचे ते. आठवतील तेवढे सांगा."

"आठवतील तेवढे," नीराताई म्हणाल्या. "पण पुष्कळ आहेत गं."

"असू देत."